अहो-जाहो

रस्ता चुकायला वावच नव्हता. कालव्याच्या काठाकाठाने सरळ जायचं, जुन्या पंपघरापाशी टेकायचं, थर्मासमधला चहा संपवायचा आणि आल्या वाटेने परत. तरीसुद्धा दर रविवारी फाटकाबाहेर सायकल काढली की मास्तर अदबीने विचारायचे, "जावईबापू, आज कुठून जायचं म्हणता?" जावई म्हणायचा, "कालव्यावरून जाऊ या." त्यावर मास्तर "उत्तम, उत्तम" म्हणत अशी मान डोलवायचे, जणू जावयाने सकाळी सकाळी नवा खंड शोधून काढलाय. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी जावयाचा मान तसूभर कमी झाला नव्हता. उलट वाढतच चालला होता, आणि जावयाचं नेमकं तेच दुखणं होतं.

मास्तरांना सगळं गाव ब्रेक मास्तर म्हणायचं. जन्मभर त्यांनी लोकांना मोटार चालवायला शिकवली. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो, आणि गावातली निम्मी माणसं त्या ब्रेकच्या जिवावर आज धडधाकट फिरत होती. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, पण पायाची खोड गेली नव्हती. सिनेमा बघतानासुद्धा पडद्यावर गाडी वेगात वळली की मास्तरांचा पाय समोरच्या खुर्चीत घुसायचा, आणि पुढचा माणूस वळून बघायचा.

शिकणारा कोणी का असेना, कॉलेजातलं पोर असो नाहीतर फौजदार, मास्तर त्याला अहो-जाहोच करायचे. त्यांचं म्हणणं असं, की ज्याच्या हातात गाडी त्याला अहो म्हणावं. अरे म्हटलं की तो लाडावतो आणि शेजारच्याच्या ब्रेकवर विसंबून राहतो. मास्तरांच्या तोंडून 'तू' फक्त तिघांना मिळालं होतं. एक त्यांची बायको, ती आता नव्हती. दुसरी लेक. तिसरी ती शिकवायची गाडी, जी थंडीत चालू व्हायला नखरे करायची आणि मास्तरांची बोलणी खायची. मतलब काय, तर घरातल्यांना तू आणि बाकी जगाला तुम्ही.

जावयाला घरातल्यांत जायचं होतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी त्याने तसं बोलूनही दाखवलं होतं, की बाबा, मला अरे-तुरे करा, मी तुमच्या मुलासारखाच आहे. मास्तर इतके दचकले, की त्याला वाटलं आपण काहीतरी अचकट विचकट बोललो. "भलतंच काय, जावईबापू," ते म्हणाले आणि पुढच्या वेळी त्यांनी बसायला आणखी चांगली खुर्ची दिली. तेव्हापासून त्याने तो नाद सोडला होता.

आणि आज तर त्याला जाऊन हे सांगायचं होतं, की मी आता तुमचा जावईच राहणार नाही.

गोष्ट ठरून गेली होती. तो आणि त्याची बायको वेगळे होणार होते. तिला दुसऱ्या गावात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत मोठी जागा मिळाली होती आणि ती एकटीच जाणार होती. कोणी कोणाला फसवलं नव्हतं, भांडी आपटली नव्हती. सगळं इतक्या समजुतीने झालं, की त्या समजूतदारपणाचीच त्याला कधी कधी चीड यायची. वाद फक्त एकाच गोष्टीवरून झाला होता, बाबांना सांगायचं कोणी. ती म्हणाली, "तूच सांग. मी सांगायला गेले तर मी रडेन, मग तेही रडतील, आणि सांगायचं राहूनच जाईल. आणि रविवार तर तुमचा असतो." तो म्हणाला, "बाप तुझा आहे." ती म्हणाली, "असू दे. बोलतात तुझ्याशी." फक्त तिने फोनवर बाबांना आधी सुगावा लागू द्यायचा नाही, असं त्याने कबूल करून घेतलं.

तेव्हा तो निघाला होता, आणि सांगणं पुढे पुढे ढकलत होता. आधी ठरवलं की गाव संपलं की सांगू. गाव संपलं. मग ठरवलं की पहिल्या पुलापाशी सांगू. तिथे मास्तर "डावीकडे खड्डा" म्हणून ओरडले, आणि खड्ड्यातच ती वेळ निघून गेली.

सकाळ मात्र अशी काही छान पडली होती, की वाईट बातमी घेऊन फिरणाऱ्याला लाज वाटावी. शेतांवर पातळ धुकं होतं, त्यातून गाईंची नुसती डोकी आणि पाठी दिसत होत्या. कालव्याचं पाणी हलत नव्हतं. हवा नाकाला गार लागत होती आणि पेडल मारून अंग आतून तापत होतं. जावई एरवी आठवडाभर इमारतींच्या पोटात असायचा. त्याचं काम लिफ्ट दुरुस्त करायचं. वरच्या मजल्यावरची कोंदट खोली, खालचा अंधारा खड्डा आणि मधे तेलकट दोर. त्यामुळे रविवारी या रस्त्यावर आलं, की त्याला आकाश जरा जास्तच मोठं वाटायचं.

या रस्त्याची त्याला आवडणारी गोष्ट म्हणजे इथून घरांच्या पाठी दिसायच्या. पुढून बघावं तर प्रत्येक घर कसं पाहुण्यांसाठी नटलेलं, दाराशी कुंड्या, पितळी पाटी. मागून बघावं तर खरा संसार. दोरीवर वाळत टाकलेले गंजीफ्रॉक, तुटकी खुर्ची, बादलीत भिजत घातलेले बूट. एका अंगणात एक गृहस्थ तोंडात ब्रश धरून आभाळाकडे बघत उभा होता, मागच्या रविवारीही तसाच होता. एक बाई पायपुसणं भिंतीवर असं काही आपटत होती, जणू भिंतीनेच तिचं घोडं मारलंय. जावयाला वाटायचं, माणसं सुखी आहेत की नाहीत ते मागूनच कळतं. आपण या म्हाताऱ्याचं घर कायम पुढूनच बघितलं, हेही त्याच्या मनात येऊन गेलं, आणि त्याने उगाच घंटी वाजवली.

"काय झालं, जावईबापू?" पुढून मास्तरांनी विचारलं.

"काही नाही. बदक होतं."

बदक म्हटल्याबरोबर मास्तर गप्प झाले. त्याला कारण होतं. महिन्यापूर्वी याच रस्त्यावर आडव्या आलेल्या एका बदकाला वाचवताना मास्तर सायकलसकट खाली उताराच्या चिखलात गेले होते. हाडं शाबूत राहिली, गुडघा मात्र सुजला. हे लेकीला सांगायचं नाही, अशी त्यांनी जावयाला तिथल्या तिथे चिखलात बसूनच शपथ घातली होती. जावयाने ती पाळली होती. पण तेव्हापासून मास्तर उतारावर जरा बिचकायचे, आणि बिचकतोय हे दाखवायला नको म्हणून उतरून टायर दाबून बघायचे.

पंपघर आलं. सायकली भिंतीला टेकवून दोघं बाकावर बसले. मास्तरांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून रिवाजाप्रमाणे पहिल्यांदा जावयापुढे धरला. तो हातात घेतल्यावर जावयाला वाटलं, आता नाही बोललो तर घरी जाऊन बायकोला तोंड दाखवता यायचं नाही.

"बाबा, एक सांगायचं होतं."

मास्तर कालव्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"आठवडाभर फोनवर गुळमुळीत बोलतेय. बाबा, झोप लागते ना, बाबा, जेवलात का. एरवी दोन वाक्यांत फोन ठेवणारी पोरगी. मी काय तिला आज ओळखतोय?"

जावयाला एकदम हलकं वाटलं. एवढा डोंगर उपसायचा होता आणि तो आधीच उपसलेला निघाला. त्याने विचारलं, की मग तुम्हाला राग नाही ना आला. मास्तर म्हणाले, की राग येणारच. दोघांनी मिळून परस्पर ठरवायचं आणि म्हाताऱ्याला शेवटी सांगायचं, ही काय रीत झाली. जावयाने मान खाली घातली आणि म्हणाला, की आधी आमचंच नक्की होत नव्हतं.

"पण एकदम बंदच करायचं?" मास्तर दुखावल्या सुरात म्हणाले. "हळूहळू करू, जपून करू, असं नाही सुचलं? मी काही लहान नाही, जावईबापू. मलाही कळतं कुठे जोर लावायचा आणि कुठे नाही."

"एकदम नाही बाबा. वर्षभर चाललं होतं आमचं."

"वर्षभर?" मास्तर वळून बघायला लागले. "म्हणजे मी पडायच्या आधीपासून?"

"तुमच्या पडण्याचा काय संबंध?"

"संबंध नाही? मग सायकल कशापायी बंद करायची माझी?"

जावई बघतच राहिला. मास्तरांना वाटत होतं, की लेकीला बदकाचं कळलंय आणि आता दोघं मिळून त्यांची सायकल काढून घ्यायला निघालेत. गेला आठवडाभर बिचाऱ्यांनी त्याचीच धास्ती घेतली होती. बोलायचे मुद्देसुद्धा तयार ठेवले होते. जावयाला हसू फुटलं, आणि ते अर्ध्यातच थांबलं, कारण डोंगर होता तिथेच होता.

"सायकल नाही, बाबा," तो म्हणाला. "तुमच्या सायकलला कोणी हात लावत नाही. आम्ही दोघं वेगळे होतोय. ती आणि मी."

जावयाच्या हातातून मास्तरांनी झाकण घेतलं आणि थर्मासवर लावायला गेले. त्यात चहा तसाच होता. तो सगळा त्यांच्या पँटवर सांडला तरी त्यांचं लक्ष नव्हतं, झाकणाचे आटे बसवण्यात ते गढून गेले होते. बराच वेळ आटे काही बसले नाहीत.

"भांडण झालं का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही."

"तिसरं कोणी?"

"नाही बाबा, तसलं काही नाही."

"मग झालं तरी काय?"

जावयाने कामाच्या भाषेतच सांगितलं, दुसरी त्याला येत नव्हती. "लिफ्टमध्ये माणसं अडकली ना बाबा, की आधी घंटा बडवतात, मग चिडतात, आणि मग एकमेकांशी बोलायला लागतात. दार उघडेपर्यंत ओळख होऊन जाते. आमची लिफ्ट कधी अडकलीच नाही. अडकलो असतो तर बोललो तरी असतो. नुसतं आपापल्या मजल्याचं बटण दाबून उभे होतो."

मास्तरांनी ऐकून घेतलं. मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. लेकीची तब्येत बरी आहे ना, एवढं त्यांनी विचारलं. बरी आहे, असं जावयाने सांगितलं. खरं तर बरीपेक्षा बरी होती. ठरल्यापासून ती पुन्हा गुणगुणायला लागली होती, आणि काल रात्री जेवताना दोघं कशावरून तरी इतके हसले, की तेवढे कित्येक महिन्यांत हसले नव्हते. हे बापाला कसं सांगायचं ते त्याला कळेना, म्हणून त्याने सांगितलं नाही.

"निघायचं का?" मास्तर म्हणाले.

परत येताना काय बिघडलंय ते जावयाच्या लगेच लक्षात आलं नाही. मास्तर बोलत होते. "जरा थांबायचं का?" "पाणी हवं का?" "गार वाटतंय का?" सगळं आपुलकीने, पण त्यात काहीतरी नव्हतं. दुसऱ्या पुलावर त्याच्या डोक्यात उजेड पडला. जावईबापू नव्हतं. तुम्हीसुद्धा नव्हतं. आपल्या भाषेत अशी एक पळवाट आहे, समोरच्याला तू म्हणायचं की तुम्ही ते ठरत नसलं, की माणूस वाक्य असं वळवतो की दोन्हींची गरजच पडू नये. नव्या शेजाऱ्याशी आपण असं बोलतो. मास्तर आता त्याच्याशी असं बोलत होते. होता तो मान गेला होता आणि त्या जागी काही आलं नव्हतं.

त्याला भीती वाटली. साधी, लहान मुलाला वाटते तशी. बायको दुरावतेय याचं दुःख वर्षभर थोडं थोडं करत भोगून झालं होतं, त्याला आता धार राहिली नव्हती. पण हा म्हातारा दुरावणार, हे त्याच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं. नातं तुटलं की लेकीबरोबर बाप जातो, घर जातं, रविवारही जातो, हे इतकं उघड होतं, आणि ते या शहाण्याला सायकल चालवता चालवता कळलं. पुढच्या रविवारी हा माणूस एकटाच निघणार आणि आज कुठून जायचं हे कोणाला विचारणार, एवढा एकच विचार त्याच्या डोक्यात फिरायला लागला. समोर मास्तरांची पाठ होती, चहाने भिजलेली पँट होती. त्याने जोरात पेडल मारलं आणि मास्तरांच्या पुढे गेला. डोळ्यांत पाणी आलेलं त्यांना दिसू नये, एवढाच त्यात हेतू होता.

जिथे कालव्याचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे थांबायचं असतं. दर रविवारी मास्तर तिथे उतरून दोन्हीकडे बघायचे, मग म्हणायचे, "चला, जावईबापू." आज जावई पुढे होता आणि त्याला रस्ताच दिसत नव्हता.

"अरे गाढवा, थांब!"

त्याचे हात आपोआप ब्रेकवर आवळले गेले. सायकल आडवी होत थांबली आणि पुढच्या चाकापासून हातभर अंतरावरून कोंबड्यांचे पिंजरे लादलेला एक टेम्पो खडखडत गेला. चालकाने काहीतरी शिवी घातली, कोंबड्यांनीही आपल्या परीने घातली. थोडी पिसं रस्त्यावर तरंगत राहिली.

मास्तर मागून सायकल टाकून धावतच आले. सुजलेल्या गुडघ्याने धावले. त्यांनी जावयाची कॉलर धरली.

"डोळे कुठे होते तुझे? मोठा रस्ता दिसत नाही तुला? एवढा घोडा झालास आणि साधं थांबता येत नाही? तुला काही झालं असतं म्हणजे? मी रविवारी कोणाबरोबर यायचं होतं? सांग ना, कोणाबरोबर यायचं होतं मी?"

जन्मभर त्यांनी शिकाऊ लोकांच्या हातून झाडं, खांब आणि एकदा फौजदाराची चौकीसुद्धा वाचवली होती, पण आवाज कधी चढवला नव्हता. आता चढवला, आणि चढवून झाल्यावर तो त्यांना स्वतःलाच ऐकू आला. हात कॉलरवरून खाली आला. ते ओशाळले.

"माफ करा. जावई..." ते म्हणाले आणि अडले. पुढचा शब्द येईना, मागे घेता येईना.

"बाबा, राहू द्या तसंच," जावई म्हणाला.

"कसं?"

"आत्ता म्हणालात तसं."

मास्तरांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. "गाढव म्हणालो मी."

"तेही राहू द्या."

रस्त्यावर आता कोणी नव्हतं. मास्तर जाऊन आपली सायकल उचलून घेऊन आले, हँडल सरळ आहे का बघितलं, आणि तसेच उभे राहिले. मग हळूहळू, एकेक शब्द पारखून बघत बोलायला लागले, नव्या गाडीचे गिअर बघावेत तसे.

"तिच्यावर मी रागावणार आहे. आणि तुझ्यावरही. दोघांवर. ते आज-उद्या होईल, नाहीतर महिनाभर चालेल. ते माझं मी बघेन, त्यात तुम्ही दोघांनी तोंड घालायचं नाही."

"नाही घालणार."

"आणि जावई शोधायला मी गेलो नव्हतो. तिने आणलं होतं तुला. तिचं ती परत नेते म्हणाली, तर माझं काय म्हणणं असणार." ते थांबले, दोन्हीकडे बघितलं. "पण रविवारचं तिला विचारून सुरू केलं नव्हतं आपण. ते बंद करायचं तरी तिला का विचारायचं? चल."

घरी पोहोचेपर्यंत मास्तर फारसं बोलले नाहीत. जावई मागे होता. पायपुसणं झटकणारी बाई आता अंगणातल्या खुर्चीत पाय पसरून बसली होती आणि तिने या दोघांकडे बघून हात केला. त्यानेही केला. बायकोला फोन करून सांगितलं पाहिजे, हे त्याला आठवलं. तुझे बाबा माझ्यावर ओरडले, असं सांगायचं. ती चकित होईल, मग पोटभर हसेल. ती हसेल हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि इतकं ओळखणारी माणसं अगदीच परकी होत नसतात, असंही त्याला वाटलं.

फाटकातून आत आल्यावर मास्तरांनी बैठकीतल्या चांगल्या खुर्चीत स्वतः बैठक मारली. पाय समोरच्या स्टुलावर टाकला आणि गुडघा चोळायला लागले. जावई दाराशी उभा होता. या घरात तो नेहमी त्याच खुर्चीत बसायचा आणि मास्तर त्याच्यासाठी आत-बाहेर करायचे. स्वयंपाकघराच्या आत त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं. पाण्याचा ग्लाससुद्धा आत नेऊन ठेवू दिला नव्हता त्याला.

"नुसता उभा काय राहिलास?" मास्तर म्हणाले. "तिकडचा चहा सगळा सांडला. जा, ठेव जरा."

तो आत गेला. बैठकीसारखं तिथे काही नटलेलं नव्हतं. ओट्यावर एकच ताट, एकच वाटी पालथी घातलेली. एका कपाचा कान तुटलेला. खिडकीत सासूबाईंचा चष्मा अजून तसाच पडलेला. साखर कुठे आहे ते त्याला सापडेना, बाहेरून सूचना येत राहिल्या. वरच्या फळीवर बघ. तिथे नाही, त्याच्या मागे. तुला डब्यावर काय लिहिलंय ते वाचता येत नाही का. त्याने वाचलं, डब्यावर मीठ लिहिलं होतं आणि आत साखर होती.

"आणि दुधाकडे बघ," मास्तर ओरडले. "उतू घालवू नकोस."

दूध उतू गेलंच. चष्म्याकडे बघत तो खिडकीपाशी जरा जास्त वेळ उभा राहिला होता. वास बाहेरपर्यंत गेला असणार, कारण मास्तर लंगडत दारापर्यंत आले, त्यांनी आधी ओट्याकडे बघितलं आणि मग त्याच्याकडे. मग नळाखालचं फडकं उचलून त्याच्या अंगावर टाकलं आणि ओटा त्यालाच पुसायला लावला.